मौनाचा माग : न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा उजेड कसा सापडला

हे प्रकरण १७ ऑगस्ट २०१७ चं आहे. वेधशाळा, तारखा, वेळा सगळं खरं आहे. माणसांची नावं मात्र मुद्दाम गाळली आहेत. या घटनेवरच्या मुख्य शोधनिबंधावर साडेतीन हजारांच्या आसपास लेखक आहेत. त्यातली चार नावं उचलून बाकीच्यांना मागे ठेवणं मला पटत नाही. शिवाय इथे पाहायचे आहेत ते निर्णय. कोणत्या क्षणी, किती अपुऱ्या माहितीवर, कोणती वाट धरली गेली, हा या लेखाचा विषय.

पार्श्वभूमी

मोठा तारा संपताना त्याचा गाभा आकसतो आणि सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान वीसेक किलोमीटरच्या गोळ्यात कोंबलं जातं. हा न्यूट्रॉन तारा. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरत असले तर गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशाच्याच तरंगांच्या, रूपाने ऊर्जा गमावत ते हळूहळू जवळ येतात आणि शेवटी आदळतात. १९७४ मध्ये अशी पहिली जोडी सापडली. तिची कक्षा आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार जेवढी आकसायला हवी तेवढीच आकसते आहे, हेही पुढे मोजलं गेलं. म्हणजे टक्कर होणार हे माहीत होतं. ती झाल्यावर काय दिसेल, हा प्रश्न उरला होता.

१९९८ मध्ये एक अंदाज मांडला गेला. टकरीत बाहेर फेकलेल्या, न्यूट्रॉनने गच्च भरलेल्या द्रव्यात जड मूलद्रव्यं तयार होतील, त्यातली अस्थिर केंद्रकं फुटत राहतील आणि त्या उष्णतेने ते द्रव्य काही दिवस चमकेल. २०१० मध्ये या चमकेला किलोनोव्हा हे नाव मिळालं, कारण तिचं तेज साध्या नोव्हाच्या, म्हणजे ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या स्फोटाच्या, हजारपट असेल असं गणित सांगत होतं. २०१३ मध्ये आकाशात क्षणभर चमकलेल्या एका छोट्या गॅमा किरण स्फोटानंतर हबल दुर्बिणीला अवरक्तात एक मंद ठिपका दिसला आणि तो किलोनोव्हा असावा असं बऱ्याच जणांना वाटलं. पण एका ठिपक्यावर किती विसंबायचं?

दुसरीकडे २०१५ पासून अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेचे दोन शोधक, म्हणजे लहरी टिपणारी यंत्रं, हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथून गुरुत्वीय लहरी टिपत होते. पण सापडत होती ती कृष्णविवरांची मिलनं, आणि त्यातून प्रकाश यावा अशी अपेक्षा नव्हती. १ ऑगस्ट २०१७ ला इटलीतला व्हर्गो हा तिसरा शोधक त्यांना येऊन मिळाला. निरीक्षणांचा तो टप्पा २५ ऑगस्टला संपणार होता. तिन्ही कान एकत्र उघडे असण्याचे जेमतेम साडेतीन आठवडे होते, आणि घटना घडली ती टप्पा संपायला आठ दिवस उरले असताना.

अडचण

भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटं ४ सेकंदांनी टकरीची लहर पृथ्वीवरून गेली. त्यानंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाला दोनेक सेकंदांचा गॅमा किरणांचा स्फोट दिसला. फर्मीच्या यंत्रणेने नेहमीप्रमाणे काही सेकंदांत आपोआप सूचना पाठवली. असे स्फोट फर्मीला वर्षात शेकड्यांनी दिसतात आणि हा तर क्षीणच होता. त्यामुळे त्या सूचनेने कुणी जागचं उठलं नसतं.

सहा मिनिटांनी लायगोच्या संगणकाने हॅनफर्डच्या नोंदीत न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीचा संकेत ओळखला. पण फक्त हॅनफर्डच्या. लिव्हिंगस्टन गप्प होता आणि व्हर्गोही गप्प होता. दोन शोधकांत एकाच वेळी दिसलं तरच खरं मानायचं, हा नियम अनुभवातून आलेला. जमिनीची थरथर, यंत्रातली खरखर, यातून एकेका शोधकात खोटे संकेत सतत उमटत असतात. नियमावर बोट ठेवलं तर हा संकेत बाजूला पडायला हवा होता.

आता यात घड्याळ मिसळा. जिथून हे सगळं आलं ती जागा पुढे वासुकी तारकासमूहात निघाली, आणि ऑगस्टच्या मध्यावर वासुकीचा तो भाग सूर्यापासून फार दूर नसतो. सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात तोही मावळतो. किलोनोव्हाचा निळा उजेड एक-दोन दिवसांत ओसरेल असा अंदाज होता. आणि फर्मीने दाखवलेली जागा हजारभर चौरस अंशांची होती. पौर्णिमेचा चंद्र आकाशात चौरस अंशाचा जेमतेम पाचवा भाग व्यापतो. म्हणजे पाच हजार चंद्र मावतील एवढ्या आकाशात, रोज मंदावणारा एक ठिपका, सूर्यास्तानंतरच्या काही वेळातच शोधायचा होता.

पहिला निर्णय : लिव्हिंगस्टन खरंच गप्प आहे का?

मला या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा क्षण हाच वाटतो, कारण इथे दुर्बीण नव्हती, आकाश नव्हतं, फक्त आलेख पाहणारी माणसं होती.

पर्याय तीन होते. नियमाप्रमाणे संकेत सोडून द्यायचा. किंवा एकट्या हॅनफर्डच्या जोरावर घोषणा करायची. किंवा लिव्हिंगस्टनची कच्ची नोंद उघडून डोळ्यांनी पाहायची. हॅनफर्डचा संकेत आणि फर्मीचा स्फोट यांत दोन सेकंदांचंही अंतर नव्हतं. योगायोगाने असं होण्याची शक्यता इतकी कमी, की तिसरा पर्याय निवडला गेला.

नोंद उघडली आणि उत्तर समोर आलं. लिव्हिंगस्टनमध्ये संकेत होताच, हॅनफर्डपेक्षाही ठळक. आलेखावर तो खालून वर चढत जाणारी वळणदार रेघ बनून दिसत होता. तारे जवळ येतात तशी फिरण्याची गती वाढते, लहरीचा सूर चढत जातो. तशी ती रेघ. शोधकांच्या ऐकण्याच्या टप्प्यात हा संकेत सुमारे १०० सेकंद होता. पण टकरीच्या १.१ सेकंद आधी यंत्रात एक जोराचा आवाज उठला होता, अगदी क्षणार्धाचा. असे आवाज त्या शोधकांत काही तासांतून एकदा येतातच. आपोआप चाळणाऱ्या प्रणालीने तो पाहिला आणि त्या वेळेची नोंदच नाकारली. शंभर सेकंदांचं गाणं एका खोकल्यापायी वगळलं गेलं.

प्रणालीला दोष देता येत नाही. तिला तेच शिकवलं होतं, आणि एरवी ते शिकवणं बरोबरच असतं. पण इथे माणसाने मध्ये पडून तो खोकला कापून काढला आणि बाकी नोंद वापरली. पहिली सूचना टकरीनंतर अर्ध्या तासाच्या आत, ६ वाजून ३८ मिनिटांनी गेली होती. जागेचा कामाचा नकाशा यायला मात्र रात्रीचे ११ वाजून २४ मिनिटं झाली. पाच तासांहून जास्त वेळ त्या साफसफाईत आणि व्हर्गोची नोंद मिळवण्यात गेला.

दुसरा निर्णय : व्हर्गोच्या मौनाचं काय करायचं?

व्हर्गोमध्ये संकेत जवळजवळ नव्हताच. पहिली प्रतिक्रिया अशी होऊ शकली असती, की त्याला सोडा, दोन शोधकांवर भागवा. तसं केलं असतं तर जागा सुमारे १९० चौरस अंशांची उरली असती.

पण व्हर्गो त्या वेळी चालू होता, नीट चालू होता, आणि एवढी जवळची टक्कर त्याला ऐकू यायलाच हवी होती. आली नाही, याचा अर्थ ती अशा दिशेने आली जिथून त्याला ऐकू येत नाही. प्रत्येक शोधकाला त्याच्या दोन लांब, काटकोनातल्या बाहूंच्या मांडणीमुळे आकाशात काही बहिरे कोपरे असतात. मग टक्कर व्हर्गोच्या बहिऱ्या कोपऱ्याजवळ शोधायची. एवढ्याने १९० चे ३१ चौरस अंश झाले आणि अंतरही कळलं : सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं.

न ऐकू येणं हाही पुरावा धरता येतो, फक्त ऐकणारा जागा होता याची खात्री हवी. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाबाबतही असंच घडलं. त्याच्यावरच्या क्ष-किरण उपकरणाला त्या क्षणी काही दिसलं नाही, कारण ती जागा आणि उपग्रह यांच्यामध्ये पृथ्वी आली होती. त्याचं न दिसणंही सापडलेल्या जागेशी नेमकं जुळलं.

तिसरा निर्णय : आकाश झाडायचं की यादी करायची?

नकाशा आला तेव्हा मोठमोठ्या दुर्बिणी असलेल्या चिलीत दुपार होती. सूर्यास्ताला काही तास होते, आणि अंधार पडल्यावर वासुकीचा तो भाग क्षितिजाखाली जाईपर्यंत फार वेळ हातात नव्हता. प्रत्येक गटाने या दुपारी आपापली पद्धत ठरवली.

ज्यांच्याकडे मोठ्या क्षेत्राचा कॅमेरा होता त्यांनी नकाशाचा भाग ओळीने झाडायचं ठरवलं. चिलीतल्याच सेरो तोलोलोच्या चार मीटर दुर्बिणीवरचा कॅमेरा एका चित्रात तीनेक चौरस अंश घेतो. त्याला हेच शोभतं.

लहान दुर्बिणींना ते परवडत नव्हतं. चिलीतल्याच लास काम्पानासची स्वोप दुर्बीण एक मीटरची आणि तिचं एक चित्र पौर्णिमेच्या चंद्राएवढं. तिने ३१ चौरस अंश झाडायला घेतले असते तर रात्र संपली असती. पण आता अंतर माहीत होतं, आणि तारे दीर्घिकांत असतात. त्या दिशेला, त्या अंतरावरच्या दीर्घिका मोजक्याच होत्या. मग यादी करायची, जिथे ताऱ्यांचं वस्तुमान जास्त ती दीर्घिका वर ठेवायची, जवळजवळच्या दोन-तीन एका चित्रात बसत असतील तर बसवायच्या, आणि अंधार पडताच एकामागून एक टिपत जायचं. घरोघरी जाऊन दार ठोठावण्याची ही पद्धत.

यात धोका होता. टक्कर होणाऱ्या जोड्या कधी कधी आपल्या दीर्घिकेपासून दूर भिरकावल्या जातात. यादीत नसलेल्या एखाद्या छोट्या, मंद दीर्घिकेतही ती झाली असती. तसं असतं तर यादीवाले रित्या हातांनी परतले असते आणि श्रेय झाडणाऱ्यांना गेलं असतं. म्हणून मला वाटतं, एकच पद्धत सगळ्यांनी धरली नाही हेच बरं झालं. कुणी वरून आदेश देऊन कामं वाटली नव्हती. प्रत्येकाने आपल्या यंत्राला साजेसं केलं आणि त्यातून आपोआप दोन्ही बाजू राखल्या गेल्या.

काय सापडलं

स्वोपच्या नवव्या चित्रात एनजीसी ४९९३ ही दीर्घिका होती. तिच्या मध्याजवळ, १०.६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) अंतरावर, एक ठिपका होता जो जुन्या चित्रात नव्हता. प्रत, म्हणजे तेजाचं माप, साडेसतराच्या आसपास. टकरीला पावणेअकरा तासांहून थोडा जास्त वेळ झाला होता; भारतात शुक्रवारी पहाटेचे पाच वाजून तीन मिनिटं.

तासाभराच्या आत आणखी पाच गटांनी तोच ठिपका आपापल्या चित्रांत टिपला, झाडणाऱ्यांनीही आणि यादीवाल्यांनीही. हबलने त्याच दीर्घिकेचं चित्र २८ एप्रिलला घेतलं होतं. त्यात त्या जागी काही नव्हतं. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जागेची सूचना गेली आणि पुढच्या काही दिवसांत जगभरच्या सत्तरेक वेधशाळा तिकडे वळल्या.

पुढचं झटपट सांगतो. पहिल्या रात्री वर्णपटात ठळक खुणा नव्हत्या, फक्त निळसर उजेड, सुमारे ११,००० केल्विन तापमानाचा. अतिनीलात तो अपेक्षेपेक्षा तेजस्वी होता. मग निळा भाग झपाट्याने ओसरला, रंग तांबूस होत गेला, आणि अवरक्तात मात्र तो दोनेक आठवडे टिकला. हे जड मूलद्रव्यांचं लक्षण. लॅन्थॅनम गटातल्या अणूंनी द्रव्य निळ्या प्रकाशाला अपारदर्शक होतं आणि उजेड अवरक्तातून झिरपत राहतो. फेकलेलं द्रव्य सूर्याच्या सुमारे पाच टक्के वस्तुमानाचं, म्हणजे पृथ्वीच्या हजारोपट, आणि वेग प्रकाशाच्या दहा ते तीस टक्के. २०१९ मध्ये त्याच वर्णपटांत स्ट्रॉन्शियमची खूण ओळखली गेली. दिवाळीत लाल रंगाने पेटणाऱ्या फुलबाजीत आणि भुईनळ्यात ज्याचे क्षार असतात, तेच हे स्ट्रॉन्शियम. असल्या धातूंचा उगम शोधणाऱ्यांना इतके दिवस गणितावर भागवावं लागत होतं. आता समोर ताजा पुरावा होता.

लहर आणि प्रकाश १३ कोटी वर्षं चालून दोन सेकंदांच्याही आत पोचले, यावरून दोघांच्या वेगांतला फरक एक हजार लाख कोटी भागांत काही मोजक्या भागांहून जास्त नाही, हेही ठरलं. गुरुत्वाकर्षणाचे कित्येक पर्यायी सिद्धान्त त्या एका आकड्याने बाद झाले.

चौथा निर्णय : काही दिसत नसताना वेळ मागत राहायचा का?

गॅमा किरण दिसले म्हणजे प्रकाशवेगाच्या जवळपास धावणारा द्रव्याचा झोत निघाला असणार, आणि असा झोत आजूबाजूच्या वायूत घुसला की क्ष-किरण आणि रेडिओ लहरी निघतात. पण क्ष-किरणांत काही नाही, रेडिओतही काही नाही. अवकाशातल्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने दोन दिवसांनी पाहिलं, रिकामं.

मोठ्या दुर्बिणींचा वेळ मिळवणं किती अवघड असतं हे त्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. दोनदा-तीनदा रिकामं आकाश पाहून पुन्हा तोच अर्ज करायला धीर लागतो. इथे तो धीर धरण्यामागे विचार होता. गॅमा किरणांचा स्फोट नेहमीपेक्षा फारच क्षीण होता. झोत आपल्याकडे रोखलेला नसेल, बाजूला असेल, तर त्याचा उजेड आपल्यापर्यंत उशिराच पोचेल : झोत मंदावत, पसरत जाईल तसतसा. पुन्हा तेच, मौनाला अर्थ देणं.

नवव्या दिवशी क्ष-किरण दिसले. सोळाव्या दिवशी रेडिओ. आणि मग सूर्य आडवा आला. सप्टेंबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चंद्रा दुर्बिणीला तिकडे पाहता येईना. प्रकाशाच्या दुर्बिणींचीही तीच गत. रेडिओ दुर्बिणींना सूर्याची तेवढी अडचण नसते. त्या मधल्या काळात अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणींबरोबर आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण या स्रोतावर नजर ठेवून होती. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना कमी वारंवारतेच्या लहरी टिपतात, आणि तो पट्टा इतर मोठ्या दुर्बिणींकडे तितक्या संवेदनशीलतेने नाही. तिचं त्याच सुमारास आधुनिकीकरण झालं होतं, हे या कामाच्या पथ्यावर पडलं.

रेडिओ तेज वाढतच गेलं, शंभर दिवसांनंतरही. साधा, कडा धारदार असलेला झोत बाजूने पाहिला तर असं होत नाही. म्हणून २०१७ अखेरीस मत असं झालं की झोत बाहेर पडलाच नसावा, आजूबाजूच्या द्रव्याला ढकलून त्याचा रुंद कोश झाला असावा. सुमारे १६० दिवसांनी तेज उतरू लागलं. मग खंडाखंडांवरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून टकरीनंतर ७५ आणि २३० दिवसांनी घेतलेल्या मोजमापांत स्रोत आकाशात सरकलेला दिसला, वरवर पाहता प्रकाशाच्या चौपट वेगाने. जवळजवळ आपल्या दिशेने येणाऱ्या अरुंद झोतातच असा भास होतो. म्हणजे झोत बाहेर पडला होता आणि आपण त्याच्या दिशेपासून वीसेक अंश बाजूला होतो. आधीचं मत बदलावं लागलं. ज्यांनी ते मांडलं होतं त्यांच्यापैकीच काहींनी ते नव्या मोजमापांनी बदललं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, आवाज आणि संकेत एकत्र आले तर काय करायचं याची तयारी आधीच असायला हवी होती. असा आवाज काही तासांतून एकदा येतो आणि न्यूट्रॉन ताऱ्यांचा संकेत मिनिटभराहून लांब असतो; दोघांची गाठ कधीतरी पडणार हे कागदावर मांडता आलं असतं. कापून काढायची पद्धत तयार असती तर पाच तासांतले बरेच वाचले असते.

दुसरं, त्या काळी लायगोच्या सूचना फक्त करार केलेल्या गटांना जात. २०१९ पासून त्या सर्वांना खुल्या झाल्या. हा बदल उशिरा झाला असं माझं मत आहे. खोटी सूचना गेली तर नाचक्की होईल, ही भीती समजण्यासारखी होती. पण जिथे पहिल्या रात्रीची किंमत इतकी मोठी, तिथे जास्त डोळे असणंच हिताचं.

तिसरं, शोधकांची संख्या. २५ एप्रिल २०१९ ला पुन्हा न्यूट्रॉन ताऱ्यांची असावी अशी टक्कर ऐकू आली. हॅनफर्ड त्या वेळी बंद होता. लिव्हिंगस्टन आणि व्हर्गोवर भागवावं लागलं आणि जागा निघाली आठ हजारांच्या आसपास चौरस अंशांची, पहिल्या टकरीच्या कितीतरी पट लांब अंतरावर. जगभर शोध झाला, प्रकाश मिळाला नाही. माणसं तीच होती, त्यांची चिकाटीही तीच. एक कान मिटलेला होता, एवढाच फरक. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाकडे मी म्हणूनच डोळे लावून आहे. २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी. अमेरिका आणि युरोपपासून इतक्या दूरचा शोधक असला की लहर कुठे आधी पोचली, कुठे नंतर, यावरून जागा खूपच आवळता येते.

आणि चौथं, ज्याची भरपाई आता होणार नाही. पहिल्या रात्रीचा तो निळा उजेड नेमका कशाचा, याबद्दल अजून मतभेद आहेत. कुणी म्हणतं हलक्या मूलद्रव्यांच्या किरणोत्साराचा, कुणी म्हणतं झोताने तापवलेल्या कोशाचा. दोन्ही मतांचे अंदाज पहिल्या काही तासांत एकमेकांपासून सर्वांत वेगळे होते, आणि त्या तासांची नोंद कुणाकडेच नाही.

त्या संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी महाराष्ट्रात अजून ऊन होतं, आणि वासुकीतली ती जागा नैर्ऋत्येला क्षितिजाच्या बरीच वर होती. सातच्या सुमारास सूर्य मावळला. साडेनऊच्या सुमारास ती जागाही मावळली. नकाशा आला ११ वाजून २४ मिनिटांनी.